‘पायलट’ : सुकाणूपासून रुग्णवाहिकेपर्यंत

मुंबईच्या उपनगरांत ‘पायलट’ हा शब्द दिवसभरात किती निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो, याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. विलेपार्ले-अंधेरीच्या माथ्यावरून थोड्या थोड्या वेळाने उतरणाऱ्या विमानाचा चालक हा पायलट. पश्चिम द्रुतगती मार्गावर मंत्रिमहोदयांच्या मोटारीपुढे सायरन वाजवीत धावणारी पोलिसांची गाडीही पायलट. बोरिवलीहून गुजरातकडे निघालेल्या मेलगाडीच्या इंजिनात लोको पायलट बसलेला असतो आणि १०८ क्रमांक फिरवल्यावर मुलुंड किंवा घाटकोपरच्या गल्लीत शिरणाऱ्या रुग्णवाहिकेचा चालकही कागदोपत्री पायलटच असतो. एखादी नवी योजना आधी एका प्रभागापुरती राबवायची असेल, तर तिला ‘पायलट प्रोजेक्ट’ म्हणतात. शाळकरी मुलांच्या कंपासपेटीत तर याच नावाचे जपानी पेन असते.

मराठी माणसाला ‘पायलट’चा अर्थ विचारला, तर उत्तर मात्र एकच येते : वैमानिक. बाकीचे सारे पायलट हे विमानाच्या पायलटकडून उसने घेतलेले नाव मिरवतात, अशी आपली समजूत असते. रुग्णवाहिकेच्या चालकाला पायलट म्हटलेले ऐकून काहींना हसूही येते. शब्दाचा इतिहास पाहिला, तर ही समजूत टिकत नाही. विमानाचा पायलट हा या घराण्यात बऱ्याच उशिरा जन्माला आलेला वारस आहे.

मूळ वल्ह्यात

इंग्रजीत ‘पायलट’ हा शब्द सोळाव्या शतकाच्या आरंभी आला. तो फ्रेंच ‘पिलोत’वरून आणि फ्रेंच शब्द इटालियन ‘पिलोता’वरून आला. इटालियनमध्ये त्याचे जुने रूप ‘पेदोता’ असे होते. पुढे ‘द’च्या जागी ‘ल’ आला. या ‘पेदोता’चा उगम व्युत्पत्तिकार ग्रीक ‘पेदॉन’मध्ये शोधतात. ‘पेदॉन’ म्हणजे वल्हे, विशेषतः नावेच्या मागच्या बाजूस असणारे, दिशा देणारे वल्हे. थोडक्यात, पायलट म्हणजे सुकाणू धरणारा.

‘पेदॉन’ हा शब्द ज्या प्राचीन धातूपासून आला, त्याचा अर्थ पाऊल असा आहे, असे कोशकार सांगतात. त्याच धातूपासून संस्कृतात ‘पद’ आणि ‘पाद’ हे शब्द झाले आणि ‘पाद’वरून मराठीतला ‘पाय’ आला. ‘पायलट’च्या उच्चारात ‘पाय’ ऐकू येतो, हा निव्वळ योगायोग. परंतु दोन्ही शब्दांचे फार दूरचे नाते आहे, हेही खरे.

हा शब्द येण्यापूर्वी इंग्रजांजवळ याच कामासाठी ‘लोड्समन’ असा स्वतःचा शब्द होता. त्यातल्या ‘लोड’चा जुना अर्थ वाट. ध्रुवताऱ्यासाठी इंग्रजीत ‘लोडस्टार’ हा शब्द आहे, त्यातला ‘लोड’ही तोच. लोड्समन म्हणजे वाट जाणणारा, वाटाड्या. पुढे पायलटने हा शब्द मागे टाकला, पण त्याचे काम तेच राहिले.

बंदरातला वाटाड्या

जहाजावर कप्तान असताना आणखी पायलट कशाला, असा प्रश्न पडू शकतो. खोल समुद्रात जहाज नेणे आणि ते बंदरात आणणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. बंदराच्या तोंडाशी खडक कोठे आहेत, वाळूचे बांध कोठे सरकले आहेत, भरती-ओहोटीच्या वेळी प्रवाह कोणत्या बाजूला ओढतो, हे परदेशी कप्तानाला ठाऊक नसते. ते त्या बंदरावरच्या माणसाला ठाऊक असते. म्हणून हा माणूस छोट्या बोटीतून जहाजापर्यंत जातो, दोरशिडीने वर चढतो आणि जहाज सुखरूप आत आणतो. जहाजाची अंतिम जबाबदारी कप्तानाकडेच राहते. पण वाट पायलट दाखवतो. मुंबई बंदरात आजही पायलट हेच काम करतात. कुलाब्याला ‘पायलट बंदर’ नावाचा जो भाग आहे, त्या नावातला पायलट हा दर्यावरचा आहे. विमानाशी त्याचा संबंध नाही.

भारताच्या इतिहासात असा एक पायलट फार महत्त्वाचा ठरला. १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी येथे पोहोचला. पुढचा अरबी समुद्र त्याच्या खलाशांना अनोळखी होता. मालिंदीत त्याला एक जाणकार वाटाड्या मिळाला आणि त्याने गलबते कालिकतला आणली. पोर्तुगीज बखरकार बारोसने त्याचा उल्लेख ‘मालेमो काना’ असा केला असून तो गुजरातचा होता, असे म्हटले आहे. ‘मालेमो’ हे अरबी ‘मुअल्लिम’चे पोर्तुगीज रूप होय. मुअल्लिमचा मूळ अर्थ शिक्षक. दर्यावर्दींच्या बोलीत तो नौकेला मार्ग दाखवणारा.

आपल्या किनाऱ्यालाही अशा शब्दांची वाण नाही. वर्सोवा, मढ किंवा गोराईच्या कोळीवाड्यात बोटीच्या प्रमुखाला ‘तांडेल’ म्हणतात. ‘नाखवा’ हा शब्द फारसी ‘नाखुदा’वरून आला, त्यात ‘नाव’ म्हणजे नौका आणि ‘खुदा’ म्हणजे धनी. किनाऱ्यावरची टेकडी, देवळाचे शिखर आणि पाण्याचा रंग यांवरून आपण कोठे आहोत हे ओळखणारा तांडेल हा मूळ अर्थाने पायलटच आहे. त्याला कोणी तसे म्हणत नाही इतकेच.

समुद्रातून आकाशात

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजीत फुग्यातून अंतराळात संचार करणाऱ्याला ‘पायलट’ म्हटले जाऊ लागले. १९०३ साली राइट बंधूंनी विमान उडवले आणि १९०७ च्या सुमारास हा शब्द विमान चालवणाऱ्यालाही लागू झाला. त्यापूर्वी ‘एरोनॉट’, ‘एव्हिएटर’ असे शब्द प्रचारात होते. ते मागे पडले आणि बंदरातला जुना शब्द टिकला.

विमानविद्येने दर्यावर्दींचा शब्दसंग्रहच उचलला होता. बंदराला ‘पोर्ट’, म्हणून विमानांसाठी ‘एअरपोर्ट’. कप्तान, क्रू, केबिन, डेक, ‘रडर’ म्हणजे सुकाणू, नोंदवहीसाठी ‘लॉग’, हे सगळे जहाजावरचे शब्द. विमानाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये मोजतात; एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. एक फरक मात्र पडला. जहाजावर कप्तान आणि पायलट या दोन व्यक्ती असतात. विमानात वाट जाणणारा आणि अंतिम जबाबदारी घेणारा एकच झाला. ‘पायलट-इन-कमांड’ ही संज्ञा त्याचीच खूण होय. पायलट या शब्दाभोवती जे वलय निर्माण झाले, त्याचे एक कारण या एकवटलेल्या जबाबदारीत आहे.

भारतात या नव्या अर्थाचे घर मुंबईच्या उपनगरातच आहे. जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. देशातील नागरी विमान वाहतुकीचा तो पहिला तळ मानला जातो. त्याच वर्षी कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेची लोकल धावू लागली, त्यामुळे उपनगराच्या वाहतुकीच्या इतिहासात १९२८ हे साल दुहेरी महत्त्वाचे आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा कराचीहून ‘पुस मॉथ’ जातीच्या छोट्या विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल पुढे मद्रासकडे नेले. १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी कराची ते जुहू हे उड्डाण पुन्हा एकट्याने केले.

मराठी स्त्रियांनीही हा शब्द लवकरच आपलासा केला. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या कोलकाता-सिलचर विमानाचे सारथ्य कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केले. सर्व कर्मचारी महिला असलेले ते देशातले पहिले प्रवासी उड्डाण ठरले.

‘वैमानिक’ कोण होते?

मराठीने पायलटसाठी ‘वैमानिक’ हा शब्द योजला. तो इतका रूढ झाला, की त्यालाही जुना अर्थ होता हे विसरले गेले. संस्कृतात ‘विमान’ म्हणजे देवांचे आकाशगामी वाहन, तसेच मंदिराचे शिखर किंवा प्रासादही. पुष्पक विमान आणि तुकोबांना न्यायला आलेले विमान मराठी मनाला राइट बंधूंच्या कितीतरी आधीपासून परिचित होते. जैन परंपरेत देवांच्या चार वर्गांपैकी एकाचे नावच ‘वैमानिक’ आहे. विमानांत म्हणजे स्वर्गीय निवासांत राहणारे ते वैमानिक देव. घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या देरासरात ‘वैमानिक’ हा शब्द आजही या अर्थाने ऐकू येऊ शकतो.

या दोन शब्दांची घडण वेगळी आहे. ‘वैमानिक’ हा वाहनावरून झालेला शब्द आहे. विमान असेल तरच वैमानिक. ‘पायलट’ कामावरून झालेला आहे. त्यामुळे वैमानिक विमानातच राहिला आणि पायलट मात्र जहाज, फुगा, विमान, आगगाडी असा कोठेही बसू शकला. बोलताना मराठी माणूस ‘पायलट’ म्हणतो आणि लिहिताना ‘वैमानिक’, एवढाच हा फरक नाही. मान इतका, की राजेश्वर प्रसाद बिधुरी या हवाई दलातील वैमानिकाने राजकारणात आल्यावर ‘पायलट’ हे आडनावच स्वीकारले. राजेश पायलट म्हणून ते देशाला परिचित झाले आणि पुढच्या पिढीने तेच आडनाव चालवले.

जुहू की सांताक्रूझ?

वाट जाणणे म्हणजे नेमके काय, याची प्रचीती उपनगरानेच विमानाच्या पायलटांना दिली आहे. जुहू आणि सांताक्रूझ हे विमानतळ एकमेकांपासून काही किलोमीटरवर असून त्यांच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेने आखलेल्या आहेत. वरून पाहणाऱ्या परक्या वैमानिकाची फसगत होणे अशक्य नव्हते. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचे ‘कॉमेट’ विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे ‘डीसी-८’ विमानही असेच चुकून जुहूला उतरले आणि धावपट्टी संपून पुढे गेले. विमानाची मोठी हानी झाली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. यंत्र चालवण्यात कसलेला माणूसही स्थानिक खाणाखुणांपाशी चुकतो, हे बंदरातल्या जुन्या पायलटला सांगावे लागले नसते.

या कामाची जोखीम घाटकोपरकरांनी जवळून पाहिली. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणी उड्डाणासाठी निघालेले ‘किंग एअर’ जातीचे छोटे विमान घाटकोपरच्या सर्वोदयनगर भागात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीजवळ कोसळले. दोन वैमानिक, दोन अभियंते आणि एक पादचारी असे पाच जण मृत्युमुखी पडले. दाट वस्तीच्या भागात याहून मोठा अनर्थ वैमानिकांमुळे टळला, अशी भावना तेव्हा अनेकांनी व्यक्त केली होती.

पुन्हा जमिनीवर

आकाशात गेलेला पायलट जमिनीवर परतला, असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. कारण त्याने जमीन कधी सोडलीच नव्हती. एकोणिसाव्या शतकात राजघराण्यातील वा व्हाइसरॉयसारख्या व्यक्तीची खास गाडी जाण्यापूर्वी रूळ सुरक्षित आहेत ना, हे पाहण्यासाठी पुढे एक मोकळे इंजिन सोडत. त्याला ‘पायलट इंजिन’ म्हणत. मंत्र्यांच्या ताफ्यापुढची ‘पायलट कार’ तेच काम रस्त्यावर करते. अमेरिकेत इंजिनाच्या पुढे बसवलेल्या, रुळांवरचा अडथळा दूर सारणाऱ्या जाळीलाही पायलट म्हणतात.

भारतीय रेल्वेने या शतकाच्या पहिल्या दशकात ‘ड्रायव्हर’ हे पदनाम बदलून ‘लोको पायलट’ केले. मुंबईच्या लोकलचा चालक मात्र ‘मोटरमन’च राहिला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला मार्गावर विजेची गाडी सुरू झाली, त्या काळापासून चालत आलेला हा शब्द मुंबईने सोडला नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांच्या कारकिर्दीत ही सारी पदनामे येऊन गेली. १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या. २००० साली महिला विशेष लोकल चालवली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना ‘मोटरवुमन’ म्हटले. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला ‘वंदे भारत’ आणली, तेव्हा त्या ‘लोको पायलट’ होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पदनाम बदलत गेले, तरी सिग्नलवरची नजर आणि पाठीमागच्या प्रवाशांचा भार तोच होता.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिची पहिली गाडी एका तरुणीने चालवली आणि वृत्तपत्रांनी तिचा गौरव ‘पायलट’ म्हणूनच केला. गोव्यात तर हा शब्द कित्येक दशकांपासून रस्त्यावर आहे. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन बसस्थानकाशी उभा असणारा, पाठीमागे एका प्रवाशाला बसवून इच्छित स्थळी नेणारा चालक तेथे ‘पायलट’ म्हणून ओळखला जातो. गावातली प्रत्येक वाट ठाऊक असलेला हा माणूस शब्दाच्या मूळ अर्थाला फार जवळचा आहे.

महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिच्यात डॉक्टरांच्या जोडीला ‘पायलट’ आला आणि अपघातांच्या बातम्यांत तो शब्द रुळला. संध्याकाळच्या गर्दीत लालबहादूर शास्त्री मार्गावरून किंवा अंधेरीच्या भुयारी मार्गाच्या आसपास रुग्णवाहिका काढणे कसे असते, ते उपनगरातला वाहनचालक जाणतो. कोणत्या गल्लीत खोदकाम चालू आहे, कोणता पूल बंद आहे, कोणत्या रुग्णालयाचे कोणते दार रात्री उघडे असते, हे ठाऊक असल्याशिवाय ते साधत नाही. परक्या जहाजाला बंदरात आणणाऱ्या माणसाकडेही हेच स्थानिक ज्ञान असे.

शासनाला सापडलेला शब्द

इंग्रजीत ‘पायलट’ विशेषण म्हणूनही वापरतात. गॅसच्या उपकरणातली मोठी ज्योत पेटवण्यासाठी सतत तेवत राहणारी छोटी ज्योत म्हणजे ‘पायलट लाइट’. दूरचित्रवाणी मालिकेचा चाचणीसाठी काढलेला पहिला भाग म्हणजे ‘पायलट एपिसोड’. शार्कसारख्या माशांबरोबर पोहणाऱ्या एका माशाला ‘पायलट फिश’ म्हणतात. तो मोठ्या माशाला वाट दाखवतो, असा खलाशांचा समज होता. जपानी पेनाची कथाही अशीच. ही कंपनी १९१८ साली स्थापन झाली. तिचे एक संस्थापक पूर्वी व्यापारी नौदलाच्या शाळेत शिकवत. त्यांच्या पेनावरचा पायलट हा बंदरातला पायलट होय.

मराठी शासनव्यवहारात ‘पायलट प्रोजेक्ट’साठी ‘पथदर्शी प्रकल्प’ हा शब्द रूढ झाला. शासकीय मराठीवर बोजडपणाचा आरोप नेहमी होतो आणि तो पुष्कळदा खराही असतो. येथे मात्र भाषांतरकाराने मर्म पकडले. पथदर्शी म्हणजे वाट दाखवणारा. इंग्रजांचा जुना लोड्समन तो हाच.

नाव आणि विश्रांती

चालकाला पायलट म्हटल्याने त्याचा मान वाढतो का, हा यापुढचा प्रश्न. नाव बदलणे सोपे आणि बिनखर्चाचे असते. विमानाच्या पायलटला जो मान आहे, तो गणवेशाबरोबरच नियमांनीही दिला आहे. थकलेला माणूस चूक करतो, हे विमानक्षेत्राने अपघातांतून शिकून त्याचे नियम केले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि २०२५ मध्ये नवे नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यानुसार पुरेशा वैमानिकांची तजवीज न झाल्याने डिसेंबर २०२५ च्या आरंभी इंडिगोची शेकडो उड्डाणे रद्द झाली, मुंबई विमानतळावर प्रवाशांचे हाल झाले आणि नियमांत तात्पुरती सवलत द्यावी लागली. विश्रांतीच्या तासांना किती किंमत आहे, हे त्या आठवड्यात सर्वांना दिसले.

लोको पायलटांच्या संघटना पुरेशा विश्रांतीची आणि इंजिनात स्वच्छतागृहाची मागणी वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. रुग्णवाहिकांचे चालकही वेतन आणि कामाच्या तासांसाठी वेळोवेळी आंदोलने करतात. पदनामातला ‘पायलट’ त्यांना मिळाला. त्या नावाबरोबर येणारी शिस्तबद्ध विश्रांती मिळवण्यासाठी त्यांचा झगडा चालू आहे.

माणसाविना पायलट?

शब्दाचा ताजा प्रवास यंत्राकडे चालला आहे. १९१४ साली पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी या अमेरिकी तरुणाने विमानाचा तोल आपोआप राखणारे यंत्र दाखवले. उड्डाण चालू असताना त्याने दोन्ही हात वर करून दाखवले होते. त्या यंत्राच्या वंशजांना आज ‘ऑटोपायलट’ म्हणतात. २०२१ पासून संगणकाच्या क्षेत्रात ‘कोपायलट’ हे नाव कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनीसाला मिळाले. दहिसर ते अंधेरी मेट्रोच्या, एप्रिल २०२२ मध्ये धावू लागलेल्या गाड्या चालकाविना धावू शकतील अशा बनावटीच्या आहेत. तरीही त्या सुरू झाल्या, तेव्हा पुढच्या कक्षात माणूस बसवण्यात आला.

पुढची शंभर वर्षे हा शब्द कोणाला लावला जाईल, ते आज सांगता येणार नाही. आजवरच्या इतिहासात मात्र एक अट कधी सुटलेली नाही : दुसऱ्यांचा जीव हाती घेऊन, अवघड वाटेने त्यांना सुखरूप पोहोचवणारा तो पायलट. या अटीवर तपासले, तर सांताक्रूझला विमान उतरवणारा आणि भर पावसात घाटकोपरहून शीवच्या रुग्णालयापर्यंत रुग्ण नेणारा, दोघेही या शब्दाचे सारखेच हक्कदार ठरतात.